मालकांना बांधून घेणारी मालक संघटना : स्वीडन, १९३८

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वेतनकराराची बोलणी सुरू झाली की व्यवस्थापनाच्या बाजूला एक प्रश्न हमखास निघतो : युनियनचा हा पुढारी उद्या सही करेल, पण त्याची माणसं ऐकतील का? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या शब्दामागे त्याची माणसं उभी नाहीत, त्याच्याशी करार करून हाती काय लागणार? मात्र हाच प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फारसा कोणी विचारत नाही. मालकांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष मंत्र्यांसमोर बसून उद्योगांच्या वतीने काही कबूल करतो, तेव्हा त्याचे सभासद कारखानदार ते पाळतील याची हमी कोण देतं?

मालक संघटनेची धोरणातली भूमिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अर्थसंकल्पाआधीची मागणीपत्रं, निवेदनं आणि दिल्लीतल्या गाठीभेटी येतात. स्वीडनमध्ये १९३८ साली जे घडलं ते वेगळं होतं. तिथे मालकांच्या संघटनेने देशाच्या कामगार धोरणाचा कणाच कामगार महासंघाबरोबर बसून, सरकारला बाहेर ठेवून ठरवला, आणि ती व्यवस्था पुढची तीसेक वर्षं चालली. हे तिला जमलं कसं, याचं उत्तर वाटाघाटीतल्या चातुर्यात शोधणाऱ्यांना ते अर्धंच सापडतं. उरलेलं उत्तर संघटनेच्या स्वतःच्या घटनेत आहे. ही घटना तिने तीस वर्षं आधी लिहिली होती आणि ती मुख्यतः मालकांनाच बांधणारी होती.

भीतीतून उभी राहिलेली संघटना

मे १९०२ मध्ये स्वीडनमधल्या एक लाखाहून अधिक कामगारांनी तीन दिवस काम बंद ठेवलं. मागणी पगाराची नव्हती, मताधिकाराची होती. कोणत्याही एका कारखानदाराच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी सगळ्यांचे कारखाने बंद पडले, आणि एकेकट्याने याला तोंड देता येणार नाही हे मालकांना उमगलं. त्याच वर्षी स्वीडिश मालक महासंघ स्थापन झाला. तो आद्याक्षरांवरून 'एसएएफ' म्हणून ओळखला जातो. कामगारांचा महासंघ, 'एलओ', १८९८ मध्येच उभा राहिला होता.

शेजारच्या डेन्मार्कचं उदाहरण समोर होतं. तिथल्या मालकांनी १८९९ मध्ये अनेक महिने टाळेबंदी करून सप्टेंबरमध्ये करार मिळवला. त्यात कामगारांच्या संघटनेला मान्यता होती आणि त्या बदल्यात 'काम कसं चालवायचं आणि कोणाला कोणतं काम द्यायचं हे मालक ठरवणार' हे कलम होतं. एसएएफने याच कल्पनेला आपल्या घटनेत २३ व्या कलमाचं रूप दिलं. मालकाला काम नेमून देण्याचा, त्यावर देखरेख करण्याचा, कामगार मोकळेपणाने ठेवण्याचा व काढण्याचा, आणि तो युनियनचा सभासद आहे की नाही हे न पाहता कोणाकडूनही काम करून घेण्याचा हक्क राहील, असं ते कलम सांगत होतं. पुढे त्याचा क्रमांक ३२ झाला आणि स्वीडिश कामगार चळवळीत 'कलम ३२' हा शब्दप्रयोग मालकशाहीला समानार्थी बनला.

इथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. हे कलम कामगारांना उद्देशून लिहिलेलं नाही. एसएएफच्या सभासदाने युनियनशी कोणताही सामूहिक करार केला तर त्यात हा मजकूर असलाच पाहिजे, असं ते आपल्याच सभासदाला बजावतं. करारावर सही करण्याआधी संघटनेची मंजुरी घ्यावी लागे. प्रत्येक सभासद आपल्या कामगारसंख्येच्या प्रमाणात हमीची रक्कम लिहून देई. मध्यवर्ती मंडळाने टाळेबंदीचा आदेश दिला की तो पाळावा लागे, न पाळल्यास भरपाई द्यावी लागे. याउलट संपाचा किंवा टाळेबंदीचा फटका बसलेल्या सभासदाला संघटनेच्या निधीतून नुकसानभरपाई मिळे.

उत्तरेकडच्या एखाद्या लाकूड-कारखान्याच्या मालकाचा विचार करू. हंगाम तोंडावर आहे, मालाला गिऱ्हाईक आहे, आणि दारात संप उभा आहे. एकटा असता तर त्याने पगार वाढवून दिला असता, मुकादम युनियनला विचारून नेमायचंही कबूल केलं असतं आणि काम सुरू केलं असतं. शेजारच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी तीच मागणी गेली असती. एसएएफच्या नियमांनी त्याचा हा सोपा मार्ग बंद केला, आणि बंद ठेवण्याचा खर्च मात्र सगळ्यांनी वाटून घेतला. कामगार युनियनचा संपनिधी जसा चालतो, तसाच हा मालकांचा निधी. मालकांची युनियनच म्हणा ना. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण एसएएफ हे नुसतं वजन वापरणारं मंडळ नव्हतं. सभासदाला शिस्त लावण्याची ताकद तिच्याकडे होती.

१९०६ च्या डिसेंबरमध्ये एलओने २३ वं कलम मान्य केलं आणि एसएएफने कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. देवाणघेवाण झाली, शांतता मात्र आली नाही.

टाळेबंदीचं गणित

१९०७ पासून एसएएफची सूत्रं याल्मार फॉन सीडोव यांच्याकडे होती आणि ती १९३१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे सहानुभूतीची टाळेबंदी. एका गावातल्या दोनशे कामगारांनी संप केला तर युनियन त्यांना आपल्या निधीतून महिनोन्महिने पोसू शकते. पण त्या संपाला उत्तर म्हणून संपूर्ण उद्योगातल्या, गरज पडल्यास दुसऱ्या उद्योगांतल्याही, कारखान्यांना कुलूप लागलं तर दोनशेच्या जागी पन्नास हजारांना पोसावं लागतं. निधी काही आठवड्यांत आटतो.

१९०९ च्या उन्हाळ्यात मंदीमुळे पगारकपातीवरून तंटे वाढले आणि एसएएफने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने रुंदावत नेली. एलओला उत्तर द्यावंच लागलं. ४ ऑगस्टला सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे तीन लाख कामगार त्यात उतरले. पैसे संपले आणि संप मोडला. १९०८ मध्ये एलओचे १ लाख ६२ हजारांच्या आसपास सभासद होते, १९१० मध्ये ते ८५ हजारांवर आले. अनेकांना काम परत मिळालं नाही आणि कित्येक जण अमेरिकेला गेले.

एसएएफ जिंकली, तरी तिने सामूहिक कराराची पद्धत मोडीत काढली नाही. हे दयेपोटी झालं असं मी म्हणणार नाही. देशभर एकच करार असला की एक मालक दुसऱ्याचे कामगार जास्त पगार देऊन पळवू शकत नाही आणि कमी पगार देऊन दुसऱ्याचा धंदाही मारू शकत नाही. मालकांमधली आपसातली चढाओढ आवरायला समोर करार पाळणारी युनियन असणं सोयीचं होतं.

टाळेबंदीचा आणखी एक परिणाम झाला आणि तो दूरगामी ठरला. एका छोट्या युनियनने हट्टाने केलेल्या संपाची किंमत टाळेबंदीमुळे दुसऱ्या सगळ्या युनियनांना मोजावी लागू लागली. मग 'तुम्ही आम्हाला न विचारता संप कसा केलात' हा प्रश्न एलओच्या आतच विचारला जाऊ लागला. मालकांच्या एकजुटीने कामगारांच्या महासंघालाही मध्यवर्ती बनायला भाग पाडलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत संप-टाळेबंदीत वाया गेलेल्या दिवसांच्या बाबतीत स्वीडन जगात वरच्या क्रमांकावर होता. आजचा शांत, समंजस स्वीडन पाहून हे खरं वाटत नाही. १९२८ मध्ये बिगर-समाजवादी बहुमताने सामूहिक करारांचा कायदा केला, करार चालू असताना त्यातल्या विषयांवर संप-टाळेबंदीला बंदी घातली आणि कामगार न्यायालय आणलं. एलओने कडाडून विरोध केला. १४ मे १९३१ रोजी ओदालन खोऱ्यात, लुंदे इथे, संपफोड्यांना आणल्याच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. त्यात एक तरुणी होती, जी मोर्चात नव्हती, नुसती पाहत उभी होती. या प्रकरणाचा पुढचा सगळा भाग या पाच मृत्यूंच्या सावलीत घडला, हे विसरून साल्टशोबाडेनबद्दल, म्हणजे १९३८ चा करार जिथे झाला त्या गावाबद्दल, लिहिता येत नाही.

बांधकाम कामगारांचा संप

१९३२ च्या निवडणुकीनंतर पेर आल्बिन हान्सन यांचं सोशल डेमोक्रॅट सरकार आलं. महामंदी होती. १९३३ मध्ये सरकारने शेतकरी पक्षाशी तडजोड करून बेकारी निवारणाच्या सार्वजनिक कामांचा कार्यक्रम मंजूर करून घेतला. आणि नेमक्या त्याच वेळी, एप्रिल १९३३ मध्ये, बांधकाम कामगार पगारकपातीविरुद्ध संपावर गेले. सरकारची कामं प्रामुख्याने बांधकामाचीच होती, त्यामुळे कार्यक्रमच अडकला.

हा संप मला या प्रकरणातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. बांधकामाला परदेशी स्पर्धा नाही. घर जिथे लागतं तिथेच बांधावं लागतं. त्यामुळे गवंडी-सुतारांचे पगार यंत्रकारखान्यांतल्या कामगारांपेक्षा बरेच वर गेले होते. यंत्रं, बेअरिंग, कागद, पोलाद विकणारे कारखाने जगाच्या बाजारात होरपळत होते. त्यांचे कामगार कमी पगारात महाग भाडं भरत होते. म्हणजे निर्यातदार मालकाला जे खुपत होतं, तेच धातुउद्योगातल्या कामगारालाही खुपत होतं. एसएएफने इतर उद्योगांत टाळेबंदी पसरवण्याची धमकी दिली. एलओच्या नेतृत्वाने आपल्याच बांधकाम युनियनांवर दबाव आणला, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना तडजोड स्वीकारावी लागली.

बांधकाम कामगारांना आपल्याच घरच्यांनी दगा दिल्यासारखं वाटलं, आणि त्यांच्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं. पण एलओ आपल्या घटक युनियनला आवरू शकते हे या प्रसंगात दिसलं, आणि टाळेबंदीची धमकी कुलूप न लावताही काम करते हेही दिसलं. दोन्ही महासंघांना एकमेकांची खरी ताकद कळली.

एसएएफपुढचा पेच

संपाने संसदेत संताप उसळला होता. 'तिसऱ्या पक्षाचं' संरक्षण, म्हणजे तंट्याशी संबंध नसलेल्या माणसाला बहिष्काराचा व संपाचा त्रास होऊ नये, यासाठी कायदा करावा अशी उजव्या पक्षांची मागणी होती. तसा एक प्रस्ताव १९३५ मध्ये मांडला गेला आणि फेटाळला गेला. तॉर्स्तेन नोथिन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी अहवाल दिला, त्याचा रोख असा की दोन्ही संघटनांनी आपसात नियम ठरवावेत. नाहीतर कायदा आहेच, हे न बोलता सगळ्यांना समजत होतं.

एसएएफपुढे तीन वाटा होत्या. पहिली, उजव्या पक्षांना हाताशी धरून संपावर बंधनं घालणारा कायदा करून घ्यायचा. दुसरी, उघड राजकारणात उतरून सोशल डेमोक्रॅट सरकारशी लढायचं. ही वाट आवडणारे लोक संघटनेतच होते. १९३३ मध्ये एसकेएफ, आसेआ, एरिक्सन, इलेक्ट्रोलक्स आणि सेपरेटर या पाच बड्या निर्यातदार कंपन्यांच्या प्रमुखांनी आपला एक गट केला. 'डायरेक्टरांचा क्लब' असंच त्याला म्हणत. एसएएफने जास्त आक्रमक, जास्त राजकीय व्हावं असा त्यांचा आग्रह होता. तिसरी वाट, एलओशी थेट बोलायचं.

फॉन सीडोव यांच्यानंतर १९३१ मध्ये कार्यकारी प्रमुख झालेले गुस्ताव सोडरलुंड तिसऱ्या वाटेचे होते, आणि त्यावरून क्लबशी त्यांचे खटके उडाले. त्यांची बाजू मला पटते ती अशी : एका बहुमताने केलेला कायदा दुसरं बहुमत बदलतं. १९३६ च्या सप्टेंबरमधल्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट आणखी बळकट झाले. म्हणजे आज कायद्याचं दार मालकांनी उघडून दिलं तर उद्या त्याच दारातून कामावरून काढण्याच्या हक्कावर, म्हणजे थेट कलम २३ वर, बंधन येणार. कामगार महासंघालाही कायद्याची तेवढीच भीती होती. १९२८ ची जखम ओली होती आणि संपाच्या हक्काला एकदा कायद्याने हात घातला की तो किती आखडेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. दोघांची भीती उलट्या दिशांनी येऊन एकाच जागी भेटली.

साल्टशोबाडेन

मे १९३६ मध्ये दोन्ही महासंघांची संयुक्त समिती बसली. बैठकांची जागा म्हणजे स्टॉकहोमजवळचं साल्टशोबाडेन हे समुद्रकाठचं गाव आणि तिथलं ग्रँड हॉटेल, जे बँकर वालेनबर्ग घराण्याने १८९३ मध्ये उभारलं होतं. शहरापासून थोडं लांब, वार्ताहरांपासूनही लांब. रोज एकत्र जेवण, एकत्र फिरणं. नंतर या मोकळेपणाला 'साल्टशोबाडेनची वृत्ती' असं नावच पडलं. एसएएफचे अध्यक्ष होते आसेआचे सिगफ्रिड एडस्ट्रम, जे पुढे १९४६ ते १९५२ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले. एलओच्या अध्यक्षपदी ऑगस्ट लिंडबर्ग होते. अडीच वर्षांनी, २० डिसेंबर १९३८ रोजी, मुख्य करारावर सह्या झाल्या.

करारात होतं काय? दोन्ही बाजूंच्या समान सभासदांचं कामगार बाजार मंडळ. तंटा उभा राहिला की आधी कारखान्यात, मग दोन्ही बाजूंच्या राष्ट्रीय संघटनांत बोलणी, आणि ती संपल्याशिवाय संप-टाळेबंदी नाही. कामगार कमी करायचे असतील तर आधी सूचना आणि सल्लामसलत. तिऱ्हाइताला लक्ष्य करणाऱ्या आणि धार्मिक किंवा राजकीय मतांसाठी एखाद्याचा छळ करणाऱ्या कृतींना मनाई. समाजाच्या अत्यावश्यक सेवांना धक्का बसेल अशा तंट्यांसाठी वेगळी पद्धत.

पगाराबद्दल एक अक्षर नाही. संपाला बंदी नाही. कलम ३२ जागेवरच राहिलं, फक्त त्याच्या टोकाला काढण्याच्या सूचनेचं थोडं बोथट आवरण आलं. आणि सरकारची सही नाही. मला वाटतं, मालकांनी सर्वांत जास्त किंमत मोजली ती या शेवटच्या गोष्टीसाठी. कायद्याऐवजी करार हवा असेल तर करार पाळून दाखवायला हवा. एसएएफ ते करू शकत होती, कारण हट्टी सभासदाला वठणीवर आणायचे नियम, हमीची रक्कम आणि निधी तिच्याकडे तीन दशकं आधीपासून होता. एलओला तशी ताकद पुरती मिळाली ती १९४१ मध्ये, घटना बदलून मोठ्या संपांची परवानगी नेतृत्वाच्या हातात दिल्यावर. मालक संघटना या बाबतीत तीन दशकांहून अधिक पुढे होती.

त्याच वर्षी मुंबईत

१९३८ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या एका गोष्टीसाठी ठाऊक असायला हवं. बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस सरकारने मुंबई कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. सक्तीची समेट प्रक्रिया आणि ती पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदा व शिक्षापात्र, हा त्याचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडवा विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. कायदा तरीही झाला. साल्टशोबाडेनच्या सह्या त्यानंतर सहा आठवड्यांनी झाल्या.

हेतू एकच होता : बोलणी आधी, संप नंतर. स्टॉकहोमजवळ हा नियम दोन्ही बाजूंनी अडीच वर्षं बसून लिहिला, मुंबईत तो कामगारांच्या विरोधाला न जुमानता लिहिला गेला. मुंबईत १८७५ पासून गिरणीमालकांची संघटना होती, १९३३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची मालक संघटनाही इथेच उभी राहिली. पण एकाही बड्या मालक संघटनेने एसएएफसारखी, सभासदाच्या करारावर आधी आपली मंजुरी घ्यायला लावणारी, देशव्यापी शिस्त स्वतःवर लादली नाही. परकी सत्ता, जातींत आणि पक्षांत वाटला गेलेला कामगार, गावाकडे परतता येणारा बदली मजूर, अशी कारणं बरीच आहेत. स्वीडनचा साचा उचलून गिरणगावात बसवता आला असता असं मी सुचवत नाही.

स्वतंत्र भारतात त्याच्या जवळ जाणारा एक प्रयत्न झाला. मे १९५८ मध्ये नैनितालच्या भारतीय श्रम परिषदेत मालकांच्या आणि कामगारांच्या केंद्रीय संघटनांनी उद्योगातली शिस्तसंहिता स्वीकारली आणि १ जूनपासून ती लागू झाली. सूचना न देता संप-टाळेबंदी नाही, तक्रारींसाठी ठरलेली पद्धत, युनियनला मान्यता देण्याचे निकष. मजकूर वाचला तर साल्टशोबाडेनची आठवण येते. पण संहिता मोडणाऱ्या कारखानदाराला त्याची केंद्रीय संघटना काय करणार होती? जाब विचारणार, फार तर सभासदत्व काढणार. हमीची रक्कम नाही, नुकसानभरपाईचा निधी नाही. संहिता अजूनही कागदावर आहे, आणि युनियनला मान्यता देण्यावरून आमच्या औद्योगिक पट्ट्यांत अजूनही गेटवर आंदोलनं होतात.

किंमत कोणी दिली

१९५६ पासून एसएएफच्याच आग्रहाने स्वीडनमध्ये पगाराची बोलणीही मध्यवर्ती पातळीवर गेली. संप कमालीचे घटले. एलओला समान कामाला समान पगार हवा होता, मालकांना निर्यातीच्या कुवतीत बसणारे पगार हवे होते, आणि बराच काळ दोन्ही जमलं.

पण शांततेचा हिशेब कारखान्यातल्या माणसाकडून मांडला तर चित्र बदलतं. एसएएफ आणि एलओच्या करारांत स्त्रियांसाठी वेगळे, कमी दर सर्रास होते. ते टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं दोघांनी ठरवलं तेव्हा १९६० साल उजाडलं होतं. दोन बलाढ्य संघटना एकमेकींशी समजूतदारपणे वागल्या म्हणून त्यांच्या खालच्या माणसाचं ऐकलं जातंच असं नाही. कामाचा वेग, मोजमाप, फोरमनची दादागिरी हे सगळं कलम ३२ खाली मालकाच्या कक्षेत राहिलं. डिसेंबर १९६९ मध्ये उत्तरेच्या किरुना भागातल्या सरकारी लोखंड खाणींत सुमारे पाच हजार कामगारांनी युनियनला न विचारता काम थांबवलं. त्यांचा राग व्यवस्थापनावर होता तेवढाच दक्षिणेत बसून करार करणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांवर होता.

त्यानंतर एलओने कायद्याचा मार्ग धरला. १९७४ मध्ये नोकरीच्या सुरक्षेचा कायदा आला, १९७६ मध्ये सहनिर्णयाचा. कलम ३२ मधला अनिर्बंध हक्क संपला आणि एलओने साल्टशोबाडेनचा मुख्य करार रद्द केला. सोडरलुंड यांना ज्याची धास्ती होती ते चाळीस वर्षांनी घडलं. एसएएफनेही आपला स्वभाव बदलला. कंपन्यांच्या नफ्यातून कामगारांचे निधी उभारण्याच्या योजनेविरुद्ध ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोमच्या रस्त्यांवर हजारो उद्योजकांचा मोर्चा निघाला, आणि त्याच वर्षी यंत्रउद्योगाच्या मालकांनी मध्यवर्ती बोलण्यांतून बाहेर पडून धातुकामगारांशी वेगळा करार केला. ज्या कंपन्यांनी १९३० च्या दशकात केंद्रीकरणाचा आग्रह धरला होता, त्यांच्याच वारसांनी ते मोडलं. १९९१ मध्ये एसएएफने सरकारी मंडळांतले आपले प्रतिनिधी काढून घेतले. २००१ मध्ये ती उद्योग महासंघात विलीन होऊन 'स्वेन्स्क्ट नेरिंग्सलीव' ही नवी संघटना झाली, जिचा भर मुख्यतः लोकमत घडवण्यावर आहे.

म्हणून जुनी पद्धत संपली का? २०१९ च्या जानेवारीत स्वीडनच्या सरकारी पक्षांनी आणि त्यांना पाठिंबा देणाऱ्या दोन पक्षांनी ठरवलं, की मालक-कामगार संघटनांनी आपसात जमवलं नाही तर नोकरीच्या सुरक्षेचा कायदा सरकार स्वतः बदलेल. पुन्हा तीच टांगती तलवार, आणि पुन्हा तोच परिणाम. कामगार संघटनांत फूट पडली, बोलणी लांबली, पण जून २०२२ मध्ये नव्या मुख्य करारावर सह्या झाल्या.

आज स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. दहांतले जवळपास नऊ नोकरदार सामूहिक करारांच्या छत्राखाली येतात, तेच तिथलं किमान वेतन. या रचनेत एक फट मात्र पहिल्यापासून आहे, आणि ती २७ ऑक्टोबर २०२३ रोजी उघडी पडली. आयएफ मेटल या युनियनने टेस्लाच्या स्वीडनमधल्या कार्यशाळांत संप पुकारला, कारण कंपनी सामूहिक करारावर सही करायला तयार नव्हती. गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायचं थांबवलं, वीजतंत्रींनी चार्जिंगची कामं नाकारली, टपाल कामगारांनी नंबरप्लेट पोहोचवायच्या थांबवल्या. १९०९ मधलं सहानुभूतीचं हत्यार आता कामगारांच्या हातात आहे. पण समोर एसएएफसारखं कोणी नाही. जी कंपनी संघटनेच्या करारव्यवस्थेतच आलेली नाही, तिच्यापर्यंत संघटनेची हमीची रक्कम, मंजुरीचा नियम किंवा जुनी शिस्त पोहोचत नाही.

दापोडीला अल्फा लाव्हलचा कारखाना आहे, म्हणजे क्लबमधल्या सेपरेटरचा वारसा. चिंचवडला एसकेएफ आहे, सातपूरला आसेआची उत्तराधिकारी एबीबी. तिथल्या युनियनांचे करार कारखान्यापुरते होतात, कारण त्या कंपन्या इथल्या कोणत्याही मालक संघटनेच्या सभासद असल्या तरी त्या संघटनेला त्यांच्या वतीने सही करता येत नाही. दर काही वर्षांनी मागणीपत्र जातं आणि बोलणी पहिल्यापासून सुरू होतात.